एका घरातील दोन चुली

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, दोन डगरींवर पाय ठेवू नये, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी, या तिन्ही म्हणींचा वाक्यांत उपयोग आम्ही शाळेत असताना करून दाखविला आहे, व त्याबद्दल आम्हांस पूर्ण गुणही मिळाले आहेत. परंतु म्हणीचा वाक्यात उपयोग करणे निराळे आणि संसारात उपयोग करणे निराळे. सन २०२५ च्या दसऱ्यापासून आमच्या घरी एकाच म्यानात दोन तलवारी सुखाने नांदत आहेत. आम्ही रोज सायंकाळी दोन डगरींवर पाय ठेवून बसतो. आणि दोन घरचे पाहुणे असूनही उपाशी तर राहिलो नाहीच, उलट जे ताट बारा वर्षे आमच्यासमोर झाकून ठेवलेले होते, ते उघडून पाहण्याची बुद्धी आम्हांस याच दुहेरी पाहुणचारामुळे झाली. ती हकीकत वाचकांस सांगावी असे मनात आहे.

हे म्यान म्हणजे आमच्या टेबलाखालचा संगणक. संगणक ही वस्तू स्वतः अगदी जड. तिला वीज दिली म्हणजे ती जागी होते खरी, पण काय करावे हे तिला कळत नाही. तिचा सर्व कारभार पाहणारा जो एक कारभारी तिच्या पोटात बसविलेला असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावरील बोटांचा निरोप आत पोचविणे, पडद्यावर अक्षरे उमटविणे, कागदपत्रे जागच्या जागी लावून ठेवणे व मागितली म्हणजे काढून देणे, ही सारी त्याचीच कामे. बहुतेक घरांत असा कारभारी एकच असतो. आमच्याकडे दोन आहेत. एक जुना, विंडोज. दुसरा नवा, लिनक्स. मात्र दोघे एकाच वेळी गादीवर बसत नाहीत. यंत्र सुरू करतेवेळी ज्याला हाक मारावी तो उठतो; दुसरा त्या वेळी गाढ झोपलेला असतो. दोघांनाही एकाच रंगभूमीवर एकदम उभे करण्याची युक्ती नाही असे नाही. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ करून दाखविलेच होते. पण त्या खेळाला जी ऐपत लागते ती आमच्या आठ जीबी स्मरणशक्तीच्या यंत्रात नाही. आमचा खेळ आळीपाळीचा. नाटकगृह एकच, आज एक मंडळी, उद्या दुसरी.

ही पाळी आमच्यावर का आली, ते थोडक्यात सांगतो. संगणक आम्ही २०१६ साली घेतला. त्यातील विंडोज १० हा कारभारी २०१५ सालचा. त्याच्या मालकांनी १४ ऑक्टोबर २०२५ ही त्याच्या नियमित सेवेची अखेरची तारीख म्हणून पुष्कळ आधीच जाहीर केली होती. पुढे वर्षभराची वाढीव मुदत मिळण्याची सोय होती; पण मुदतवाढ म्हणजे प्रश्नाचे उत्तर नव्हे, प्रश्नाची तहकुबी होय. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने आमच्या यंत्रात पाऊल टाकण्याचे नाकारले. त्याला सुरक्षेची टीपीएम २.० नावाची व्यवस्था व ठरावीक नव्या जातीचा प्रोसेसर लागतो, आणि आमच्या यंत्राची पत्रिका त्याच्याशी जुळेना. तेव्हा उरला लिनक्स. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने ज्याचा आरंभ केला, व जगभरच्या हजारो लोकांनी ज्यात आपापली भर घातली, असा हा कारभारी. तो पगार मागत नाही, आणि यंत्राच्या वयाकडेही फारसे पाहत नाही.

आमच्या कन्येने एका वाक्यात निकाल दिला. “बाबा, जुनं सगळं पुसून टाकू आणि लिनक्स घालू. अर्ध्या तासाचं काम आहे.”

‘पुसून टाकू’ हे शब्द कानी पडताच आमच्या छातीत धस्स झाले. “अगं, आणि नानांचं लिखाण?” आम्ही म्हणालो.

आमचे वडील, ज्यांना घरीदारी सगळे नानाच म्हणत, ते शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, म्हणजे २००५ साली, ते टंकलेखन शिकले व आपल्या आठवणी लिहू लागले. एका बोटाने, दिवसाला एक पान, याप्रमाणे सात वर्षांत त्यांनी एक्केचाळीस प्रकरणे पुरी केली. २०१३ साली ते गेले. पहिल्या सात प्रकरणांची छापील प्रत घरात आहे. बाकी सर्व लिखाण केवळ संगणकाच्या पोटात. आणि तेथेच सारी मेख आहे.

आज आपण ज्या पद्धतीने मराठी लिहितो, तिला युनिकोड म्हणतात. तीत देवनागरीसाठी १२८ स्वतंत्र जागा राखून ठेवलेल्या आहेत. ‘क’ चा क्रमांक जगातील कोणत्याही यंत्रात ‘क’ चाच असतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. पण छापखान्यांत व घरांत तिचा रिवाज पडण्यास पुष्कळ वर्षे लागली. नाना लिहू लागले तेव्हा जी पद्धत सर्रास चालू होती, तीत रोमन अक्षरांच्या जागा देवनागरी अक्षरांच्या तुकड्यांना भाड्याने दिलेल्या असत. एका घरात काना, दुसऱ्यात मात्रा, तिसऱ्यात अर्धा ‘म’. यंत्राच्या समजुतीप्रमाणे नानांनी सात वर्षे अर्थहीन रोमन मजकूर लिहिला. त्यावर त्या विशिष्ट फाँटाचा चष्मा घातला म्हणजेच तो मराठी दिसे. तो चष्मा, आणि तो ज्या प्रोग्रामबरोबर येतो तो प्रोग्राम, विंडोजच्याच घरी राहतो. शिवाय तो चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे एक लहानशी किल्ली खोचावी लागते, ती आम्ही देवघरातील डबीत ठेवली आहे. विंडोज पुसला म्हणजे चष्मा गेला, आणि चष्मा गेला म्हणजे नानांच्या लिखाणाचा दगड झाला.

हे सर्व आम्ही कन्येस मोठ्या आवेशाने समजावून सांगितले. पितृऋण, वारसा, नव्या पिढीची बेपर्वाई, वगैरे शब्दही आमच्या वक्तृत्वाच्या ओघात येऊन गेले. सौभाग्यवती भाजी निवडीत ऐकत होत्या. आमचे भाषण संपल्यावर त्यांनी मान वर न करताच विचारले, “अहो, पण तुम्ही ते वाचलंत का कधी?”

वाचकहो, आम्ही ते वाचले नव्हते. छापील सात प्रकरणे नानांच्या हयातीत, त्यांना बरे वाटावे म्हणून, वाचली होती. पुढील चौतीस प्रकरणांची फाईल २०१६ साली आम्ही जपून जुन्या यंत्रातून या यंत्रात आणली. तिच्या दोन नकला केल्या. कोणी विचारल्यास ‘नानांचे सर्व लिखाण आमच्यापाशी सुरक्षित आहे’ असे अभिमानाने सांगितले. आणि ती एकदाही उघडली नाही. मनुष्य जी वस्तू सांभाळतो तीच वापरावयाचे राहून जाते, हे आमच्या घरातील चांदीच्या भांड्यांवरून आम्हांस ठाऊक होते; पण वडिलांच्या शब्दांचीही आम्ही तीच गत केली होती, हे त्या भाजीच्या परडीसमोर प्रथम ध्यानात आले.

तेव्हा जुना कारभारी ठेवावयाचा आणि नवाही आणावयाचा, असे ठरले. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, आहे त्याच डिस्कची वाटणी करून अर्धी जागा नव्यास द्यावयाची. दुसरा, नव्यासाठी निराळी डिस्क आणावयाची. पहिल्या मार्गाला खर्च नाही. परंतु भरल्या घरात मधोमध भिंत घालताना भिंत एक हात इकडे-तिकडे झाली तर कोणाचे कोठार फुटेल याचा नेम नसतो. शिवाय डिस्क एकच असल्यामुळे ती बिघडली म्हणजे दोघेही एकदम रस्त्यावर. आम्ही दुसरा मार्ग पत्करला व ५०० जीबीची एक एसएसडी आणली. जुनी डिस्क १००० जीबीची होती, ती तशीच राहिली. सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे एका घरात दोन चुली.” त्यांचा स्वर प्रशंसेचा नव्हता.

दसऱ्याच्या दिवशी शस्त्रपूजनात संगणकालाही हळदकुंकू व झेंडूचे फूल मिळाले, आणि त्याच मुहूर्तावर आम्ही स्वतः कामास हात घातला. पेनड्राइव्हवरून लिनक्स उठला. त्याने विचारले, ‘कोणती डिस्क पुसून तिच्यावर बसू?’ पडद्यावर दोन नावे होती. नावे कसली, तुरुंगातील बिल्ल्यांसारखी दोन लघुचिन्हे, ज्यांत एका अक्षराचाच काय तो फरक. त्यांतील एका चिन्हाखाली नानांची सात वर्षे होती. आकडे पाहून ५०० वाल्या डिस्कवर खूण केली, तीन वेळा ताडून पाहिली, तरी कळ दाबताना बोट कापले. अर्ध्या तासाने सर्व यथास्थित पार पडले. दोन्ही कारभारी हाकेला ओ देऊ लागले, आणि आम्ही आपल्या शहाणपणावर खूश झालो.

ही खुशी दिवाळीच्या साफसफाईपर्यंत टिकली. रंगकामाच्या धुळीत जुनी डिस्क नको, म्हणून आम्ही ती काढून कपाटात ठेवली आणि यंत्र सुरू केले. नवा कारभारी उठेना. काळा पडदा, आणि त्यावर ‘येथे कोणी राहत नाही’ अशा अर्थाची एक ओळ! डिस्क नवी, जागेवर, शाबूत. मग उठावयास काय झाले? कन्येने पाहून उलगडा केला. यंत्राला वीज मिळताच प्रथम त्याच्या मुख्य पाटीवरील यूईएफआय नावाचा पहारेकरी जागा होतो. कारभाऱ्यास हाक कशी मारावी, याची चिठ्ठी एका लहानशा राखीव कप्प्यात ठेवलेली असते, ती तो वाचतो. आम्ही नव्याची बैठक घातली तेव्हा दोन्ही डिस्का जोडलेल्या होत्या. जुन्या डिस्कवर असा कप्पा आधीच असल्यामुळे नव्याची चिठ्ठीही तेथेच ठेवली गेली. म्हणजे सामानसुमान सगळे नव्या घरात, पण दाराची किल्ली शेजाऱ्याच्या खुंटीला! आम्ही दोन घरे केली असे समजत होतो. वास्तविक एकच उंबरठा होता.

दोष आमचाच होता. यावर उपाय इतका साधा की तो आम्हांस सुचला नाही, हीच त्याची थोरवी. नव्याची बैठक घालतेवेळी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी. यंत्र बंद करून, वीज तोडून, दोन वायरी ओढल्या की झाले. मग कोणती डिस्क पुसावी हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पुसण्याजोगी एकच समोर असते. आणि चिठ्ठीही आपोआप आपल्याच घरात राहते. दुसऱ्या खेपेस आम्ही तसेच केले. नवा स्वतःच्या पायांवर उभा राहिला, मग जुनी डिस्क पुन्हा जोडली. आता यांतील कोणतीही एक काढली तरी दुसरीला त्याचा पत्ता लागत नाही. आणखी एक सावधगिरी घेतली. दोन डिस्का म्हणजे दोन प्रती नव्हेत, हे कन्येने बजावल्यावरून आम्ही नानांच्या सर्व पानांची चित्रे पीडीएफ करून घेतली आणि मूळ फायलींसह एक पेनड्राइव्ह नाशिकला आमच्या भगिनीकडे पाठविला.

दोन चुली वेगळ्या झाल्या तरी घर एकच असल्यामुळे बारीकसारीक कुरबुरी व्हावयाच्याच. पहिली कुरबूर घड्याळावरून झाली. एके दिवशी रात्री आठ वाजता जुन्या कारभाऱ्यास उठविले, तर तो दुपारचे अडीच वाजल्याचे सांगू लागला. यंत्रातील घड्याळ एकच; पण लिनक्स ते ग्रिनिचच्या मानाने लावून ठेवतो व वाचताना आपल्याकडचे साडेपाच तास मनात मिळवितो, तर विंडोज त्याच घड्याळातील वेळ स्थानिक समजून तशीच वाचतो. जुन्याला आम्ही आता इंटरनेटपासून अलग ठेवल्यामुळे बाहेर विचारून चूक दुरुस्त करण्याची सोयही त्याला राहिली नव्हती. १९०६ साली सबंध देशासाठी एक वेळ ठरली, तरी मुंबईने आपले एकोणचाळीस मिनिटे मागे असलेले स्वतःचे घड्याळ पुढे कित्येक दशके सोडले नाही. तेव्हा या दोघांना दोष काय द्यावा? शेवटी नव्याला एका ओळीची आज्ञा देऊन जुन्याच्या रिवाजाप्रमाणे वाचावयास सांगितले. घरात नवा आलेल्याने थोडे नमते घ्यावे, हा आमच्याकडील जुनाच न्याय आहे.

दुसरी कुरबूर झोपेची. लिनक्सला जुन्याच्या डिस्कवर जाऊन तेथील वस्तू पाहता व हलविता येतात. पण फायलींची नावे सुधारावी म्हणून आम्ही तेथे गेलो, तर ‘पाहा, पण हात लावू नका’ असा जबाब मिळाला. कारण असे की, विंडोजला बंद करा म्हटले तरी तो पुरता झोपत नसे; सकाळी लवकर उठता यावे म्हणून आपला अर्धा कारभार तसाच मांडून, एक डोळा उघडा ठेवून पडत असे. अशा झोपेला फास्ट स्टार्टअप म्हणतात. मालक अर्धवट जागा असताना त्याच्या घरातील भांडी हलवू नयेत, हा लिनक्सचा विवेक आम्हांस पटला. जुन्याची ती सवय मोडली, व तो आता शहाण्यासारखा पूर्ण झोपतो.

येणेप्रमाणे घडी बसल्यावर खऱ्या कामाला आरंभ झाला. जुन्या कारभाऱ्यास उठवावयाचे, डबीतील किल्ली खोचावयाची, नानांचे एक प्रकरण रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून काढून युनिकोडमध्ये आणावयाचे. मग यंत्र पुन्हा सुरू करून नव्या कारभाऱ्याच्या हाती ते द्यावयाचे, आणि मूळ पानाचे चित्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावयाचे. हे ताडणे अवश्य आहे. जुन्या पद्धतीत अक्षरे जशी डोळ्यांना दिसतात तशा क्रमाने साठविली जात; ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून आधी, रफार मागाहून काढावयाचा म्हणून मागाहून. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. रूपांतर करणारा एखाद्या ठिकाणी हा फेर करावयास विसरला, की ‘कविता’ ची ‘किवता’ होते आणि ‘गर्व’ चा ‘गवर्’ होतो. नाना उभ्या हयातीत शुद्धलेखनाच्या चुकीला लाल शाई लावीत आले; त्यांच्या मजकुरात ‘किवता’ राहू देणे आमच्याने होण्यासारखे नव्हते.

अशा रीतीने, केवळ वेलांट्या सांभाळण्याच्या निमित्ताने, आम्ही नाना वाचू लागलो. अक्षरे तपासणारा मनुष्य घाई करू शकत नाही. त्याला पान चाळता येत नाही, उतारा गाळता येत नाही. नवव्या प्रकरणात पानशेतचा पूर आला. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले तेव्हा नाना पंचवीस वर्षांचे होते आणि कुटुंब नारायण पेठेत राहत होते, इतके आम्हांस ऐकून ठाऊक होते. पण त्यानंतरचे चार महिने ते कोठे राहिले, हे आम्ही कधी विचारले नव्हते. उंचावरच्या एका वाड्यात, एका स्नेह्याच्या एकाच खोलीत दोन्ही कुटुंबे राहिली. आमच्या आजीने पहिल्याच दिवशी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तीन दगड मांडून आपली चूल वेगळी केली. यजमानीणबाईंना त्याचा राग आला, नानांनाही लाज वाटली. नाना लिहितात की, तिचे कारण त्यांना पुष्कळ वर्षांनी उमगले. दोन्ही बायका एकमेकींच्या चुलीतला विस्तव मागून नेत. पण पिठाचा डबा कोणी कोणाचा उघडत नसे. चार महिन्यांत घरात एकदाही भांडण झाले नाही, आणि निघताना यजमानीणबाई रडल्या.

हे प्रकरण आम्ही सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखविले. त्या काही बोलल्या नाहीत. पण ‘एका घरात दोन चुली’ हा टोमणा त्या दिवसापासून बंद झाला.

आजवर आमची सतरा प्रकरणे झाली, चोवीस उरली आहेत. कन्या म्हणते, “बाबा, सगळी प्रकरणं एका रात्रीत रूपांतर करून घेता आली असती. मग रोज उठून जुन्याला जागं करायची गरजच नव्हती.” तिचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे, आणि त्यास आमच्यापाशी उत्तर नाही. एकदा आम्ही काहीतरी उत्तर देऊ लागलो, तेव्हा सौभाग्यवतींनी तिला डोळ्यांनीच गप्प केले.

एकेचाळिसावे प्रकरण झाल्यावर त्या जुन्या डिस्कचे काय करावयाचे, हे अद्याप ठरलेले नाही. तूर्त व्यवस्था अशी आहे की, यंत्र सुरू केले म्हणजे काही न विचारता नवा कारभारीच उठतो. जुना हवा असेल तर वीज मिळताच, पहिल्या एक-दोन सेकंदांतच, एफ-१२ ची कळ दाबावी लागते. त्या क्षणी विसरलो की संधी गेली, यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. आम्ही स्वभावतः विसराळू. चष्मा, छत्री, वाण्याची यादी, काहीही विसरतो. पण दिवेलागणीस देवघरातून डबी घेऊन टेबलाशी बसलो म्हणजे ती कळ दाबावयास आताशा चुकत नाही.